झिजलेला रुपया

पाचोऱ्याच्या आसपासच्या गांवांतून लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं पाटावर जे जुने रुपये मांडले जातात, ते पूजा आटोपल्यावर कोणीं दिव्याच्या उजेडांत निरखून पाहिले, तर त्या मूठभर चांदीवर शंभर-दीडशें वर्षांचा व्यवहार उमटलेला आढळतो. एका रुपयावर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा असतो. पण तिचा गाल व कानावरचे केस बोटांच्या घर्षणानें इतके गुळगुळीत झालेले असतात, कीं मुकुट तेवढा ओळखूं यावा. दुसऱ्याच्या वरच्या काठाशीं टांक्याचा डाग असतो. तो रुपया एके काळीं माळेंत ओवलेला होता व पुढें कडी काढून पुन्हां डब्यांत पडला. तिसऱ्यावर छिन्नीची बारीक खूण असते. चौथा मात्र आरशासारखा चकचकतो. कारण घरांतील तीन पिढ्यांच्या बायकांनीं दर दिवाळीस त्याला चिंचेच्या कोळानें व राखेनें घांसून काढलें आहे. घरच्या मंडळींच्या दृष्टीनें चौघांचीहि योग्यता एकच. देवापुढें ठेविलेल्या धनांत प्रतवारी करावी, हें कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

परंतु हेच चार रुपये मुंबईच्या किंवा पुण्याच्या नाण्यांच्या लिलावांत गेले, म्हणजे त्यांचा निवाडा एका आंकड्यावर होतो. हा आंकडा कोठून आला, तें पाहण्यासारखें आहे. १९४९ मध्यें विल्यम शेल्डन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें आपल्या देशांतील जुन्या तांब्याच्या सेंटांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला व त्यांत नाण्याच्या स्थितीला एकपासून सत्तरपर्यंत अंक देण्याची पद्धति मांडली. ज्या नाण्याची केवळ ओळख पटते त्याला एक. टांकसाळींतून निघाल्यावर ज्याला धक्काहि लागला नाहीं त्याला सत्तर. त्या वेळच्या बाजारांत पहिल्याची किंमत एक डॉलर धरली तर दुसऱ्याची सत्तर डॉलर यावी, असा हा हिशेब होता. बाजारानें हा हिशेब लौकरच मोडला. अंक मात्र टिकले. पुढें १९८६ व १९८७ सालीं अमेरिकेंत दोन व्यापारी संस्था निघाल्या. त्यांनीं नाणें तपासावयाचें, अंक ठरवावयाचा, आणि त्या अंकाच्या चिठ्ठीसह तें नाणें कठीण पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबींत कायमचें बंद करावयाचें, असा प्रघात पाडला. साठ व त्यापुढील अंक म्हणजे नाणें व्यवहारांत फिरलेंच नाहीं. ज्या नाण्याला टांका लागला, जें घांसलें गेलें, किंवा ज्यावर हत्याराची खूण आहे, त्याच्या वांट्याला पुष्कळदां अंक येतच नाहीं. तसा शेरा तेवढा मिळतो. म्हणजे वरील चार रुपयांपैकीं एकाला खालचा अंक, आणि बाकीच्या तिघांना केवळ दोषाचा दाखला.

ही परीक्षा अन्यायाची आहे, असें एकदम म्हणतां येणार नाहीं. जुन्या नाण्यांना मोल आल्यापासून बनावट नाण्यांचाहि सुळसुळाट झाला आहे, आणि तज्ज्ञानें तपासून बंद केलेल्या नाण्यांत नव्या संग्राहकाला मोठा आधार असतो. प्रश्न निराळाच आहे. नाण्यावरील ज्या खुणांना आजचा परीक्षक दोष म्हणतो, त्या खुणा ज्यांनीं केल्या त्यांच्या लेखीं त्या कशाच्या होत्या? खानदेशाच्या इतिहासांत याचें उत्तर चांगलें सांपडतें. कारण हा मुलूख सुरत, बुऱ्हाणपूर व दक्षिण यांच्यामधील वाटेवर असल्यामुळें येथें अनेक राज्यांचें नाणें एकाच थैलींत आलें, आणि तें पारखणाऱ्या सराफाशिवाय कोणाचेंच पान हलत नसे.

मोगलांच्या अमलांत बुऱ्हाणपूर ही खानदेश सुभ्याची राजधानी होती व तेथें टांकसाळहि होती. अकबरानें १६०१ च्या जानेवारींत असीरगड घेतला आणि त्या विजयाची स्मृति म्हणून असीर येथें एक सोन्याची मोहोर पाडविली. तिच्यावर इलाही सन ४५ असून एका बाजूस ससाण्याचें चित्र आहे. ही मोहोर अत्यंत दुर्मिळ. तिच्यासारखी वस्तु हातोहात फिरण्यासाठीं नव्हतीच. ती नजराण्याची व खजिन्याची. परंतु रोजच्या व्यवहारांतील मोगली रुपयाची गोष्ट वेगळी होती. तो टांकसाळींतून निघाला त्या वर्षीं ‘सिक्का’ म्हणून पुऱ्या भावानें चाले. वर्ष उलटलें, कीं तो ‘चलनी’ होऊन त्यावर बट्टा बसे. आणि आधींच्या बादशहाच्या नांवाचा असला, तर ‘खजाना’ या नांवानें आणखी खालीं जाई. नाण्यावर सन कोरलेला असे, तो इतिहासकारांच्या सोयीसाठीं नव्हे, सराफाच्या सोयीसाठीं. ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथांत मोहोरेची झीज तांदळाच्या दाण्यांच्या वजनानें मोजून त्या मानानें तिची किंमत कमी करण्याचे नियम दिले आहेत. तेव्हां नाण्याच्या स्थितीवरून त्याची प्रत लावणें ही कांहीं अमेरिकेची नवलाई नाहीं. भेद एवढाच, कीं मोगली पारखी चांदी किती उरली हें पाही, आणि आजचा परीक्षक चेहरा किती उरला हें पाहतो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत खानदेशाच्या बाजारांत जो रुपया फार दिसूं लागला, तो चांदवडी. होळकरांच्या अमलांत चांदवडला, ज्याला चांदोरहि म्हणत, टांकसाळ होती. आणि तेथील रुपयावर होळकरांचें नांव नसून दिल्लीचा बादशहा शाह आलम याचें नांव व ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असें टांकसाळीचें नांव फारसी लिपींत असे. बादशहाची सत्ता लाल किल्ल्याबाहेर उरली नव्हती तरी त्याच्या नांवावांचून रुपया चालेना, हें त्या काळच्या राजकारणाचें मर्म एका नाण्यांत दिसतें.

हा रुपया कसा तयार होई, हें समजल्याशिवाय त्याची पारख करूं जाणें व्यर्थ आहे. चांदीचा गोळा वजन करून चपटा करीत. तो खालच्या ठशावर ठेवून वरचा ठसा हातांत धरीत व घण घालीत. ठसा मोठा आणि चकती लहान, यामुळें ठशावरील सबंध मजकूर कोणत्याच एका रुपयावर उतरत नसे. एकावर बादशहाच्या नांवाचा अर्धा भाग, दुसऱ्यावर सन, तिसऱ्यावर टांकसाळीच्या नांवांतील दोन अक्षरें. हीं अपुरीं अक्षरें म्हणजे झीज नव्हे. तो रुपया जन्मतःच तसा आहे. झीज व अपुरा ठसा यांतील फरक अनुभवी डोळा सहज ओळखतो. झिजेमुळें उंच भाग आधीं सपाट होतात व त्यांवर एक मऊ, सारखी झळाळी येते. ठसा नीट बसला नसला तर त्या जागीं मूळ चकतीचा खडबडीतपणा तसाच राहतो. यंत्रांतून निघालेल्या नाण्यांसाठीं बांधलेला मापदंड हातानें ठोकलेल्या नाण्याला लावतांना हा विवेक सुटला, तर चांदवडीच्या करकरीत रुपयालाहि झिजलेला म्हणण्याची पाळी येईल. आणि याच्या उलट चूकहि घडते.

आतां छिन्नीची खूण. चांदवडी, पुण्याचा अंकुशी, सुरती, औरंगाबादेचा, असे रुपये एकत्र आले म्हणजे त्यांतला खोटा कोणता, आंत तांबें घालून वरून चांदीचा पत्रा मढविलेला कोणता, हें सराफानें सांगावयाचें. तो आवाज ऐके, कसोटीवर ओढी, आणि संशय आला तर काठाशीं छिन्नीनें किंवा टोच्यानें एक बारीक घाव घाली. आंत पांढरीच चांदी दिसली, कीं तो रुपया खरा. कित्येक सराफांच्या स्वतःच्या खुणा असत. कोणाचें फूल, कोणाचा चांद, कोणाचे नुसते ठिपके. अशी खूण असलेला रुपया पुढच्या गांवच्या सराफानें हातीं घेतला, म्हणजे आधींच्या पारख्यानें तो पाहिला आहे एवढें त्याला कळे. सात-आठ खुणा अंगावर घेतलेला रुपया हा सात-आठ परीक्षांत उतरलेला रुपया होय. आज त्याच खुणांमुळें तो ‘बिघडलेला’ ठरतो. प्लॅस्टिकच्या डबीवरील चिठ्ठी जें काम करते तेंच काम ती छिन्नी करीत होती. एका पारख्यानें दिलेला विश्वासाचा दाखला दुसऱ्या पारख्यास दोष वाटावा, यांत थोडी गंमत आहे.

१८१८ मध्यें खानदेश इंग्रजांकडे आला तेव्हां या सर्व प्रकारच्या रुपयांचा गुंता त्यांच्या वांट्याला आला. बट्ट्याच्या व्यवहारांत बहुधा रयतच बुडे. कारण तिला पारख नसे, आणि ज्याला पारख असे त्याचा तोच धंदा असे. पुढें १८३५ च्या कायद्यानें कंपनीच्या सर्व मुलखासाठीं एकच रुपया ठरला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. हा यंत्रावर पडलेला, म्हणून लोकांनीं त्याला ‘कलदार’ म्हटलें. याच्या काठावर बारीक उभ्या खिरी असत, त्यामुळें कडेची चांदी कातरून घेतली तर लगेच दिसे. लोकांनीं या रुपयाचें आणखी एक काम करून घेतलें. तोळ्याचें वजन म्हणून सोनार-सराफ खुद्द रुपयाच तराजूंत टाकूं लागले. एकदां रुपया वजन झाला, म्हणजे त्याच्या झिजेला नवा अर्थ येतो. झिजलेला रुपया पारड्यांत टाकून सोनें देणारा गिऱ्हाईकाला फसवी; तोच रुपया टाकून मोड घेणारा स्वतः फसे. म्हणून जुन्या सराफाच्या पेटींत एक कोरा रुपया केवळ वजनासाठीं निराळा बांधून ठेविलेला असे. असे रुपये क्वचित् अजून सांपडतात आणि त्यांना आज वरचे अंक मिळतात. सराफाच्या सचोटीचें हें बक्षीस त्याच्या पणतवाच्या पदरांत पडावें, हाहि एक योगायोगच.

सरकारनेंहि झिजेची मर्यादा आंखून दिली होती. १९०६ च्या नाण्यांच्या कायद्याप्रमाणें ठराविक वजनाहून शेंकडा दोनपेक्षां अधिक हलका झालेला रुपया कायदेशीर देण्याघेण्यास लायक राहत नसे, व खजिन्यांत आलेलें असें नाणें अधिकाऱ्यानें कापून टाकावें अशी तरतूद होती. अकरा ग्रॅम सहासष्ट सेंटिग्रॅम वजनाच्या रुपयांत दोन टक्के म्हणजे पाव ग्रॅमहूनहि कमी चांदी. तेवढी जावयास लाखो बोटें लागत. परंतु ती जाई.

हा कलदार खानदेशांत ज्या वेळीं आला ती वेळहि ध्यानांत घेण्यासारखी आहे. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि हिंदी कापसाचे भाव कल्पनेबाहेर चढले. त्याच दशकांत मुंबईहून येणाऱ्या रेल्वेचे रूळ चाळीसगांव, पाचोरा, जळगांव या वाटेनें भुसावळकडे गेले. कपाशीच्या काळ्या जमिनींतून रोकड रुपया निघूं लागला. कागदी नोटेवर भरंवसा ठेवण्याची संवय शेतकऱ्याला नव्हती व पेढी दूर होती. तेव्हां शिलकी रुपया जमिनींत, भिंतींत किंवा बायकोच्या गळ्यांत जाई. रुपयांची माळ किंवा हमेल म्हणजे त्या घरची पेढीच. दुष्काळ पडला कीं एक-एक रुपया कडी तोडून बाजारांत जाई. सुगी झाली कीं पुन्हां दुसरा ओवला जाई. ज्या टांक्याच्या डागामुळें आजचा परीक्षक अंक नाकारतो तो डाग हें या ठेवीचें जमाखर्चाचें पान आहे. शेतकऱ्यांच्या घरांत वह्या नव्हत्या. असा जमाखर्च दुसरीकडे फारसा उरलेलाहि नाहीं.

रुपया घरोघर कां उरला, हें समजण्यास दुसऱ्या महायुद्धांतील घडामोडी पाहाव्या लागतात. १९४० मध्यें रुपयांतील शुद्ध चांदी बारांत अकरा भागांवरून निम्म्यावर आली. बाकी तांबें, निकल व जस्त. त्याच सुमारास लोकांनीं चांदीचे रुपये सांठविण्यास आरंभ केला, म्हणून गरजेपेक्षां जास्त नाणीं बाळगणें गुन्हा ठरविण्यांत आलें व एक रुपयाच्या नोटा निघाल्या. मग जुने रुपये क्रमानें चलनांतून रद्द झाले. १९४१ मध्यें व्हिक्टोरियाचे, १९४२ मध्यें सातव्या एडवर्डचे, १९४३ मध्यें पांचव्या व सहाव्या जॉर्जचे पुऱ्या चांदीचे. परत आलेलीं नाणीं टांकसाळींत वितळलीं. जीं उरलीं तीं कोणीं तरी परत न केल्यामुळें उरलीं. १९४७ मध्यें रुपया सर्वस्वीं निकलचा झाला, आणि आजी-पणजीच्या डब्यांतील कलदार हा पैसा न राहतां ‘जुना रुपया’ झाला.

कांहीं रुपये तर सरकारच्याच चुकीनें दुर्मिळ झाले. १९११ मध्यें पांचव्या जॉर्जच्या गळ्यांतील पदकावर हत्तीचें चित्र होतें. सोंड आंखूड, पाय बुटके. तो हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि मुसलमान समाजांत असंतोष पसरला. नाणें मागें घ्यावें लागलें, बहुतेक वितळविण्यांत आलें, व १९१२ पासून हत्ती सुधारून घेतला गेला. १९११ चा रुपया म्हणूनच संग्राहक शोधीत असतात. त्यांत तो कोरा असेल तर त्याची किंमत आणखी चढते. वस्तुतः बाजारांत थोडे दिवस फिरून झिजलेला १९११ चा रुपया हाच अधिक बोलका. कारण तो लोकांच्या हातीं पडला होता, व ज्या हातांनीं त्याला नाकारलें त्यांतून तो गेलेला आहे.

नाण्यावरील जखम हाच इतिहासाचा पुरावा कसा ठरतो, याचें सर्वांत मोठें उदाहरण खानदेशाला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यांत सांपडलें. १९०६ मध्यें जोगलटेंभी या गांवीं चांदीच्या लहान नाण्यांचा सांठा निघाला. संख्या सुमारे १३,२५०. सर्व नाणीं क्षहरात वंशांतील क्षत्रप नहपान याचीं; एका बाजूस त्याचें मस्तक व ग्रीक लिपींतील अक्षरें, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. रेव्हरंड स्कॉट यांनीं हा सांठा तपासून त्यावर मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत निबंध लिहिला. त्यांना आढळलें, कीं यांपैकीं ९,२७० च्या आसपास नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी यानें आपला ठसा पुन्हां मारला आहे. नहपानाच्या गालावर तीन कमानींचा डोंगर, पाठीवर उज्जयिनीचें चिन्ह. कित्येक नाण्यांत राजाचें नाक, डोळा, कपाळ त्या ठशाखालीं चिरडून गेलें आहे.

नाशिकच्या लेण्यांतील बलश्रीच्या लेखांत तिच्या या पुत्रानें क्षहरात वंश निर्मूल केला असें म्हटलें आहे. राजांच्या प्रशस्तींत अतिशयोक्ति असते, म्हणून अभ्यासकानें त्या वाक्याकडे संशयानें पाहिलें असतें. पण नऊ हजार नाणीं अतिशयोक्ति करीत नाहींत. शत्रूची चांदी हातीं आली, ती वितळविण्यास वेळ किंवा गरज नव्हती, आणि लोकांनीं तीच नाणीं घ्यावीं पण नव्या सत्तेच्या खुणेनें घ्यावीं, एवढें सर्व त्या दुहेरी ठशांत आहे. ज्या सुमारे चार हजार नाण्यांवर दुसरा ठसा नाहीं, तींच पाहणाराला अधिक देखणीं वाटतात. अंक तींच जास्त मिळवतील. जोगलटेंभीच्या सांठ्यांतून कोणी केवळ तीं देखणीं नाणीं वेंचून बाकीचीं आटवून टाकलीं असतीं, तर सातवाहनांच्या इतिहासाचें एक मोठें प्रमाण कायमचें नाहींसें झालें असतें. त्याच लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे त्यानें २,००० कार्षापण दरमहा शेंकडा एक व्याजानें आणि १,००० कार्षापण दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें कायमचे ठेवले, असें त्यांत आहे. हे कार्षापण म्हणजे असेंच चांदीचें नाणें असावें, असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. नाणें हातांत घेतलें म्हणजे त्या कोष्ट्यांच्या व्याजाचें वजन कळतें.

नाणें राजापेक्षां किती तरी अधिक काळ जगतें, याचाहि दाखला याच भागांतला आहे. कलचुरि राजा कृष्णराज सहाव्या शतकांत होऊन गेला; त्याचे चांदीचे लहान रूपक महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं सांपडतात. त्र्यंबकेश्वराजवळच्या अंजनेरी येथील भोगशक्तीच्या ताम्रपटांत, म्हणजे सन ७१० च्या सुमारास, ‘कृष्णराज रूपक’ या नांवानें त्या नाण्याचा उल्लेख आहे. राजा मरून सुमारें दीड शतक लोटलें, त्याचा वंशहि गेला, तरी लोक दंड भरीत ते त्याच्याच नाण्यांत. म्हणून ज्या कृष्णराज रूपकाचीं अक्षरें पुसट झालीं आहेत, त्यानेंच आपलें काम पुरें केलें असें म्हणावें लागेल. याच अंजनेरीस १९८० मध्यें नाण्यांच्या अभ्यासाची एक संशोधन संस्था स्थापन झाली, हें स्थळाला शोभेसेंच झालें.

मात्र झिजेचें सर्वच कौतुक करून चालणार नाहीं. १९३९ मध्यें वऱ्हाडांत तऱ्हाळा येथें सातवाहनांच्या मिश्र धातूच्या सुमारें १,६०० नाण्यांचा सांठा सांपडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं तो बारकाईनें वाचला, तेव्हां पुराणांच्या याद्यांत ज्यांचा पत्ता नाहीं अशा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी या राजांचीं नांवें पुढें आलीं. एका नाण्यावर चार अक्षरें, दुसऱ्यावर पुढचीं तीन, असें जुळवीत हीं नांवें लागलीं. त्यांतलीं थोडींच नाणीं आणखी झिजलेलीं असतीं, तर ते राजे आज कोणास ठाऊक नसते. तेव्हां अक्षरें टिकविणें हें संग्राहकाचें पहिलें कर्तव्य आहे यांत शंका नाहीं. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे यांच्या स्मरणार्थ १९२७ मध्यें संशोधन मंडळ निघालें. ज्यांच्या नांवानें तें निघालें त्या राजवाड्यांनीं वाळवीनें खाल्लेलीं दप्तरें गांवोगांव हिंडून जमविलीं. पत्राचा कागद स्वच्छ आहे कीं फाटका, यावरून त्यांनीं पत्राची किंमत ठरविली नाहीं. पण फाटका कागद आणखी फाटूं नये, ही काळजी मात्र घेतली. नाण्याच्या बाबतींत हाच न्याय लावतां येईल.

चांदीचा शत्रु गंधक. हवेंतील, रबरांतील, हलक्या कागदांतील व पुठ्ठ्यांतील गंधकाच्या अंशानें चांदीवर प्रथम पिवळी, मग जांभळी-निळी आणि शेवटीं काळी झांक येते. ही काळी झांक म्हणजे घाण नव्हे. तो चांदीचाच बदललेला पृष्ठभाग आहे. ती घांसून काढतांना दर वेळीं चांदीचा एक थर जातो, व त्याबरोबर अक्षरांची कड जाते. चिंच, लिंबू, राख, रांगोळी, हीं देवाच्या पितळी उपकरणांना ठीक, रुपयाला नव्हेत. तांब्याच्या नाण्याला क्षाराची बाधा अधिक. जमिनींतल्या मिठाचा अंश आंत शिरला, कीं दमट हवेंत फिकट हिरवी भुकटी फुटूं लागते, व ती पसरत जाऊन नाणें पोखरते. अशीं नाणीं निराळीं व कोरडीं ठेवावींत, नाहीं तर शेजारच्यांचेंहि भय असतें. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांवर लांकडी पेट्यांतील आम्ल वाफांनीं पांढरी पूड धरते. सागवानी कपाटांत शिसें ठेवून निर्धास्त राहणारांनीं हें विसरूं नये.

प्लॅस्टिकचीहि कथा अशीच आहे. मऊ, लवचिक प्लॅस्टिकच्या ज्या स्वस्त पिशव्यांचे आल्बम बाजारांत मिळतात, त्यांतील तेलकट द्रव्य कांहीं वर्षांनीं पाझरून नाण्यावर हिरवट चिकट थर बसतो. परीक्षक संस्थांच्या कठीण डब्या त्या मानानें निर्धोक. तथापि त्या हवाबंद नसतात. आंतलें तांब्याचें लालभडक नाणें हळुहळू तपकिरी होतें, चांदी काळवंडते, पण चिठ्ठीवरील अंक मात्र बंद केला त्या दिवशींचाच राहतो. शिवाय एकच नाणें डबी फोडून दुसऱ्यांदा पाठविलें तर निराळा अंक येतो, असाहि अनुभव संग्राहकांना आहे. माणसाच्या डोळ्यानें ठरविलेल्या अंकाला वजनाच्या कांट्याची निश्चिति कशी येणार? आणि शंभर वर्षांहून जुनें नाणें १९७२ च्या कायद्याप्रमाणें पुरावस्तु ठरतें. तें केवळ अंक मिळवावयाला खाजगी माणसानें परदेशीं पाठविणें हा गुन्हा आहे, हें उत्साही तरुणांना बहुधा ठाऊक नसतें.

नाण्यासोबत टिकवावयाची सर्वांत नाशवंत गोष्ट म्हणजे तें कोठें सांपडलें याची हकीकत. चांदीवर तिचा ठसा नसतो. कोणत्या गांवच्या शिवारांत, मडक्यांत कीं भिंतींत, कोणत्या नाण्यांच्या सोबतींत, एवढें साध्या कागदावर लिहून नाण्याजवळ ठेविलें, तर त्याला मग अंक मिळो वा न मिळो. १८७८ च्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें गुप्तधन सांपडल्यास कलेक्टरास कळवावयाचें असतें; परंतु भीतीनें म्हणा कीं लोभानें म्हणा, पुष्कळ सांठे रात्रींतून वांटले जातात. १९४६ मध्यें भरतपूर संस्थानांत बयाना येथें गुप्त राजांच्या सोन्याच्या नाण्यांचा प्रचंड सांठा निघाला. त्यांतील कांहीं नाणीं गांवांतच आटविलीं गेलीं. जीं १,८२१ वांचलीं त्यांची सविस्तर सूचि डॉ. अ. स. आळतेकर या महाराष्ट्रीय पंडितानें तयार केली. आटलेल्या नाण्यांत कोणता प्रकार होता हें कोणीच सांगूं शकत नाहीं.

पाचोऱ्यासारख्या बाजारपेठेंत लग्नसराईच्या आधीं किंवा पेरणीच्या तोंडावर असा एखादा डबा अजूनहि सराफाच्या कट्ट्यावर उघडला जातो. सराफ रुपये कांट्यावर टाकतो. पुरा कलदार ११.६६ ग्रॅम, त्यांत शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम, झीज असेल तेवढें कमी, टांका असेल तर त्याची वजावट. व्हिक्टोरिया कीं जॉर्ज, हें तो बहुधा पाहतो; कारण त्याचा गिऱ्हाईक त्याला ठाऊक असतो. कोरे असतील ते बाजूला निघतात. त्यांत एखादा जाड, ओबडधोबड, फारसी अक्षरांचा, अंगावर पांच-सहा छिन्नीच्या खुणा असलेला चांदवडी निघाला, तर तो मोडींत जमा होतो, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तुटक्या वाळ्यांबरोबर मुशींत जातो.